निवडीआधीचा सत्कार

आमच्या ह्यांना एक खोड आहे. गोष्ट घडायच्या आत तिचा सत्कार करायचा. वाडीत बोअर मारली तेव्हा नुसता ओला चिखल वर आला, की झालं, एकनाथराव पेढे आणायला आगाशी नाक्यावर पळाले. अख्ख्या आळीत पेढे वाटून झाले आणि मग पाणी वर आलं, ते खारट. माझी बहीण अजून विचारते, "पेढे तरी गोड होते ना गं?" पण माणूस सुधारेल तर शपथ! आणि अशा माणसाला आमच्या समाजमंडळाने गुणगौरव समितीचं अध्यक्ष केलं. म्हणजे बघा आता.

हा गुणगौरव दरवर्षी मंडळाच्या हॉलमध्ये होतो. समाजातली पास झालेली मुलं एकेक करून स्टेजवर बोलवायची, पाहुण्यांच्या हातून शाल आणि नारळ द्यायचा, फोटो काढायचा, मग सगळ्यांनी बटाटेवडे खायचे. पूर्वी दहावी-बारावीचीच मुलं असायची. गेल्या वर्षी ह्यांच्या डोक्यातून नवीन टूम निघाली. 'नामांकित कंपनीत निवड' असा वेगळा सत्कार. पहिला मान मिळाला उमंगला. उमंग हा माझ्या चुलत जावेचा, प्रेमलताचा मुलगा. अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीत लागला होता. त्या दिवसापासून प्रेमलताला जमिनीला पाय टेकवून चालताना मी पाहिलेलं नाही. बाजारात भेंडी निवडताना भेटली तरी हिचं सुरू, "उमंगला वेळच नसतो हो वहिनी, मीटिंगवर मीटिंग." खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कारण माझा केयूर तेव्हा शेवटच्या वर्षाला होता, आणि त्याचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं.

म्हणजे मुलगा गुणी आहे हो. बीएस्सी आयटी चांगल्या मार्कांनी झाला. पण नोकरीबद्दल त्याच्या अपेक्षा ऐकल्यात तर तुम्ही डोक्याला हात लावाल. पॅकेज चांगलं हवं. आठवडा पाच दिवसांचा हवा. ऑफिस पवईला नाहीतर बीकेसीला हवं, आणि तिथे रोज जायला लागू नये.

"आणि मुख्य म्हणजे कंपनीचं कल्चर चांगलं पाहिजे, आई."

"कल्चर म्हणजे? संध्याकाळी भजन असतं तिथे?"

"तसं नाही गं. वर्क-लाइफ बॅलन्स वगैरे."

"तुझं सध्या सगळं लाइफच चाललंय. थोडं वर्क आण, म्हणजे बॅलन्स होईल," मी म्हटलं.

वसई पूर्वेला वालीवला एवढ्या कंपन्या आहेत, तिथे विचारून बघ म्हटलं, तर माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याला समुद्रात ढकलत होते. "आई, तिथे फॅक्टऱ्या आहेत!"

नोकरी शोधणं म्हणजे काय, तर हा सकाळी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. पहिला आठवडा फोटोत गेला. मावसभावाचा ब्लेझर घालून वाडीत फोटो काढला. मागे आमच्या केळी आल्या होत्या, त्या पुसून तिथे काचेची इमारत लावली. "ज्या केळींनी तुझी फी भरली त्यांनाच हाकललंस होय रे?" मी म्हटलं, तर हसला मेला. मग अर्ज. अर्जासोबतचं इंग्रजी पत्र हा लिहीतच नव्हता, ते म्हणे एआय लिहितं. आणि कंपनीत ते पत्र वाचतं कोण? तिथेही म्हणे आधी कॉम्प्युटरच वाचतो. म्हणजे दोन यंत्रांचं आपापसात जुळायचं आणि आमच्या चिरंजीवांनी मध्ये बसून चहा प्यायचा. मला तर हसावं की रडावं कळेना.

पण जुळलं खरं. पवईच्या एका कंपनीने बोलावलं. एक इंटरव्ह्यू झाला, दुसरा झाला. त्या संध्याकाळी जेवताना केयूर जरा कॉलर ताठ करून ह्यांना म्हणाला, "आता एचआरचा एकच राउंड राहिलाय, अप्पा. ती फॉर्मॅलिटी असते."

बास! पुढचं मी तेव्हाच ओळखलं. आमच्यात पोरीची पसंती झाली, थोरांनी मान डोलावली, साखर वाटली, की पुढचं सगळं फॉर्मॅलिटीच असतं. हॉल, आचारी, बँड. एकनाथरावांना वाटलं, कंपनीतही तसंच असणार. माझं ऐकतोय कोण? मी म्हटलं, "अहो, हातात पत्र येऊ दे." तर म्हणाले, "तुझं नेहमीचं. चांगल्या कामात आधी पाचर." आणि दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये जाऊन आमंत्रणपत्रिका छापून आले.

पत्रिकेवर केयूरचं नाव सगळ्यात वर. त्याखाली 'नामांकित आयटी कंपनीत निवड'. आणि त्याच्याही खाली, ठळक अक्षरात, 'नोकरी कशी मिळवावी? या विषयावर चि. केयूर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतील.'

पत्रिका घरोघर गेल्या. प्रेमलताने फोन केला, "अभिनंदन हो वहिनी, आता तुम्हालाही कळेल, पोरं घरात दिसतच नाहीत." मी गोड बोलले. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. त्या एका फोनपुरती मी पण ह्यांच्यासारखीच वेडी झाले.

गुणगौरव रविवारी होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी मी फुलं काढायला वाडीत गेले, तर पंप चालू, पाणी मोगऱ्याच्या वाफ्यातून वाहून पार वाटेवर आलेलं, आणि हा टाकीच्या कठड्यावर मोबाईल हातात धरून बसलेला. मी ओरडणारच होते. पण त्याचं तोंड पाहिलं आणि आधी पंप बंद केला.

"त्यांनी दुसऱ्याला घेतलं, आई."

"असं कसं? फॉर्मॅलिटी होती ना?"

"मेल आलाय. तुमच्याशी बोलून आम्हाला आनंद झाला, असं लिहिलंय."

"एवढा आनंद झाला तर घेतलं का नाही मग मेल्यांनी?"

त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. एवढा बाप्या झालाय, पण मी त्याला जवळ घेतलं तर लहानपणीसारखा खांद्यावर डोकं टेकून राहिला. माझा जीव तुटला. मनात म्हटलं, ती पवई गेली खड्ड्यात.

"चल, अप्पांना सांगू," मी म्हटलं.

"नको! प्लीज, आई, तू काही बोलू नकोस. कालपासून ते आरशासमोर भाषण म्हणून बघतायत. मी रविवारच्या आत दुसरी नोकरी मिळवतो."

"भेंडी आहे का ती, बाजारात जाऊन आणायला?"

पण हट्टालाच पेटला. मग मी त्याला स्पष्ट बजावलं. "हे बघ केयूर, नोकरी गेली त्याचं मला काही नाही. आज नाही तर उद्या लागेल. पण न मिळालेल्या नोकरीचा नारळ घेऊन तू घरात आलास, आणि समोर बसलेल्या पोरांना थापा मारून मार्गदर्शन केलंस, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. रविवारपर्यंत तू स्वतः अप्पांना सांग. तुझ्या तोंडून." मान हलवली त्याने. मी पण गप्प बसायचं कबूल केलं, आणि ते गप्प बसणं मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर आमच्या ओटीवर अपेक्षांची जी घसरगुंडी सुरू झाली! आधी कल्चर गेलं. मग पाच दिवसांचा आठवडा गेला. मग पवई गेली, अंधेरी चालेल झालं, मग भाईंदर चालेल झालं. पॅकेजचा तर तो शब्दच काढेना. शेवटी त्याने स्वप्नाला फोन लावला.

स्वप्ना त्याच्याच वर्गातली. फुलपाड्याची, नाकासमोर चालणारी मुलगी, पण तोंडाने फटकळ. मला म्हणूनच आवडते. परीक्षा संपल्या संपल्या ही पोरगी वालीवच्या गाळ्यागाळ्यात बायोडेटा घेऊन फिरली. वॉचमन अडवेल तिथे वॉचमनशी भांडली, आणि एका पॅकिंगच्या कंपनीत ऑफिसमध्ये लागलीसुद्धा. मी एकदा तिला विचारलं होतं, तू का नाही गं मुंबईत बघितलंस? तर म्हणाली, "काकी, माझे पप्पा आयुष्यभर फोर्टला नोकरीला. फुलपाड्याच्या घरी फक्त झोपायला यायचे. मला उजेड असताना घरी पोचायचंय." एवढीच तिची अपेक्षा.

तर स्वप्ना शुक्रवारी स्कूटर घेऊन आली. केयूर ब्लेझर घालून बाहेर आला. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लग्नाला चाललायस?" पण हा ब्लेझर काढेना. त्या उकाड्यात दोघं गेली. तिथे काय झालं ते मला तिनेच नंतर सांगितलं, हसून हसून तिला धड बोलता येत नव्हतं.

वालीवला फर्डिनंड म्हणून एकांचा प्लॅस्टिकचे क्रेट बनवायचा कारखाना आहे. भाजीवाले, दूधवाले वापरतात तसले क्रेट. स्वप्नाच्या कंपनीचं त्यांच्याकडे येणं-जाणं, म्हणून ती थेट आत घेऊन गेली. फर्डिनंडनी विचारलं, "काय येतं तुला?" तर आमचे चिरंजीव म्हणाले, "सर, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट डेटा."

"पॅशन ठीक आहे रे, बाबा. एक्सेल येतं का?"

"येतं, सर."

"मग झालं. माझ्या स्टॉकचा सगळा घोळ झालाय. सोमवारपासून ये. महिनाभर तू आम्हाला बघ, आम्ही तुला बघतो."

आता इथे कुठल्याही शहाण्याने 'हो' म्हटलं असतं की नाही? पण सवय! तोंडून निघून गेलं, "सर, हायब्रिड मोड आहे का?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे आठवड्यातले दोन दिवस घरून काम."

फर्डिनंडनी चष्मा काढला. "मग क्रेट काय तुझ्या ओटीवर मोजायला पाठवू?" ऑफिसातली सगळी खो खो हसली. तेवढ्यात त्यांना फोन आला, ते बोलत बोलत बाहेर गेले, आणि हा लालबुंद होऊन तिथून जो निघाला तो सरळ गेटबाहेर.

"काकी, त्यांनी नाही म्हटलंच नव्हतं," स्वप्ना म्हणाली. "मी ह्याला म्हटलं, परत आत चल. तर म्हणतो, क्रेटच्या फॅक्टरीत निवड झाली असं स्टेजवर कसं सांगू?"

माझं डोकंच फिरलं. ती गेल्यावर मी त्याला धारेवर धरलं. "नोकरी कशाला हवीय तुला? पोटाला की पत्रिकेला?" रात्री जेवलाही नाही नीट. आणि ह्यांना आपलं वाटतंय, मुलगा भाषणाच्या टेन्शनमध्ये आहे. "सुरुवातीला सगळ्यांचंच होतं तसं," म्हणून त्याच्या ताटात आणखी एक चपाती वाढली. मला इतकी दया आली ना दोघांची!

रविवारी सकाळी ह्यांनी नवं जाकीट घातलं. मी केयूरला गाठून विचारलं, "सांगितलंस?"

"सांगतो, आई."

"कधी? नारळ हातात आल्यावर?"

हॉल गच्च भरलेला. माझ्या शेजारी प्रेमलता, तिच्या पलीकडे उमंग. दहावीची पोरं झाली, बारावीची झाली. मग ह्यांनी खिशातून कागद काढला आणि सुरू झाले. कष्ट, जिद्द, चिकाटी, वाडीतल्या मातीपासून पवईच्या काचेपर्यंत. मी मान वर करून बघू शकत नव्हते. टाळ्या वाजल्या. केयूर स्टेजवर गेला. पाहुण्यांनी शाल उलगडली आणि ह्याने दोन्ही हात जोडले. खांदा पुढे केलाच नाही. पाहुणे बिचारे शाल धरून तसेच उभे.

केयूरने माइक घेतला. "शाल नको, सर. माझी निवड झालेली नाही."

पाहुण्यांनी शाल खाली घेतली.

"एक राउंड बाकी होता. त्यात त्यांनी दुसऱ्याला घेतलं. मंगळवारीच कळलं मला. त्यामुळे नोकरी कशी मिळवावी ते मला माहीत नाही. कशी मिळत नाही, ते मात्र सांगू शकतो." आणि सांगितलं त्याने. फोटोतल्या केळी पुसल्याचं सांगितलं, एआयच्या पत्राचं सांगितलं, फर्डिनंडना घरून काम विचारल्याचं सांगितलं, तेव्हा मागची पोरं फुटली हसून. "उद्या मी त्यांच्याकडे परत जाणार आहे. घेतलं तर क्रेट मोजणार. नाही घेतलं तर पुढच्या गेटवर विचारणार." मग त्याचा आवाज बारीक झाला. "अप्पांना हे घरी सांगायला हवं होतं. पण त्यांना इतका आनंद झाला होता, की मला धीरच झाला नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली. अभिमानाने की लाजेने, कोण जाणे. प्रेमलता माझ्या कानाला लागली, "असं कसं हो वहिनी? आमच्या उमंगच्या वेळी मी आधी पत्र बघितलं होतं हो." मी तिला उत्तर दिलं असतं, चांगलंच दिलं असतं, पण माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं.

एकनाथराव हातात भाषणाचा कागद धरून उभे होते. रंग उतरला होता चेहऱ्याचा. मी देवाचा धावा करत होते, की पोराला आता चारचौघांत काही बोलू नका. त्यांनी केयूरच्या हातातून माइक घेतला. भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"घाई मी केली," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पण मी दुसराच विचार करतोय. माझ्या मुलाला एवढ्या लोकांसमोर सांगता आलं, आणि घरात मला सांगता आलं नाही. म्हणजे आम्ही घरी काय करून ठेवलंय?" घसा खाकरला. "आता मी अध्यक्ष म्हणून विचारतो. ज्यांना नोकरी नाही आणि घरी सांगायची चोरी आहे, त्यांनी हात वर करा. कोणीही काही बोलणार नाही."

मी कपाळाला हात लावला. अहो, आईबापांच्या मांडीला मांडी लावून बसलेली पोरं, असा कोणी हात वर करतं का! कोणीच केला नाही. ह्यांना मेलं काही सुचतच नाही वेळेवर, असं मी मनात म्हणतेय तोच मागच्या रांगेतून एक हात वर आला. आमच्या आळीतली पूर्वी नावाची मुलगी, गेल्याच्या मागच्या वर्षी पास झालेली. मग तिच्या पाठोपाठ एक. मग खिडकीपाशी दोघं. बायका वळून वळून बघायला लागल्या, कोणाचं कोण.

आणि माझ्या शेजारी हालचाल झाली. उमंगने हात वर केला होता.

प्रेमलता हसली. "अरे, तुला नाही विचारलं. नोकरी नसलेल्यांना विचारलंय."

"माहीत आहे, आई."

तिचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, नुसतं त्यातलं काहीतरी निघून गेलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून. आमची अख्खी टीमच बंद केली त्यांनी."

"अरे, मग रोज सकाळी डबा घेऊन जातोस ते?"

"तुळिंजला अभ्यासिका आहे. तिथे बसतो. अर्ज करतो. संध्याकाळी घरी येतो."

वर्षभर मी ह्याच क्षणाची वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. तिचं नाक खाली व्हावं, एवढीच माझी मागणी होती देवाकडे. आणि आता झालं, तर मला त्यातला कणभर आनंद होईना. मी तिचा हात धरला. गार पडला होता. मला वाटलं, आता ही पोराच्या थोबाडीत देणार, नाहीतर उठून चालायला लागणार.

प्रेमलता त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तिथे डबा गरम करायची सोय आहे का रे?"

"नाही, आई."

"म्हणजे दिवाळीपासून गार जेवतोयस तू?" ती म्हणाली, आणि भर सभेत पदर तोंडाला लावून मोठ्याने रडायला लागली.